रंगमंचावरून उतरलेलं प्रेमगीत

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर थेट गायले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला असं मानलं जातं. किंचाळणाऱ्या मुलींच्या गदारोळात पहिलं गाणं झालं आणि दुसऱ्या गाण्यासाठी पॉल मॅकार्टनी यांनी जे निवडलं, त्यात रॉकचा धडाका औषधालाही नव्हता. 'टिल देअर वॉज यू' हे संथ, गोड, सरळसरळ प्रेमात पडलेल्या माणसाचं गाणं होतं, आणि ते बीटल्सचं नव्हतंच. ते एका संगीत नाटकातलं पद होतं.

त्याच दशकात, इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या देवासला, एक गायक दुसऱ्या एका संगीत नाटकातल्या प्रेमपदांशी झटत होता. कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम साठच्या दशकातला आणि पुढे त्याच नावानं त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. लिव्हरपूलची चार पोरं आणि देवासचे कुमारजी यांना एका ओळीत बसवणं काहींना खटकेल. पण दोघांपुढचा प्रश्न एकच होता. ज्या नाटकासाठी गाणं रचलं ते नाटक, ती भूमिका, तो पडदा, तो प्रकाश यांतलं काहीही सोबत न घेता ते गाणं उभं राहील का? आणि राहायचं असेल तर गाणाऱ्यानं मूळ गळ्याची नक्कल करावी की आपल्याला जे कळलं ते गावं?

आधी परदेशातल्या गाण्याची हकिगत, कारण तिच्यात आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी आहेत. मेरेडिथ विल्सन यांचं 'द म्युझिक मॅन' १९ डिसेंबर १९५७ रोजी ब्रॉडवेवर आलं. त्याचे १,३७५ प्रयोग झाले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार 'वेस्ट साइड स्टोरी'ला मागे टाकून त्याला मिळाला. आयोवातल्या एका लहान गावात हॅरल्ड हिल नावाचा भामटा येतो, मुलांचा बँड उभा करतो म्हणून पालकांना वाद्यं आणि गणवेश विकतो, आणि गावच्या ग्रंथपालबाई मेरियन यांच्या प्रेमात सापडतो. 'टिल देअर वॉज यू' हे या मेरियनच्या तोंडचं पद. रंगमंचावर ते बार्बरा कुक यांनी मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीनं, उंच आणि भरदार आवाजात गायलं.

बीटल्सपर्यंत मात्र गाणं नाटकातून पोचलं नाही. अमेरिकी गायिका पेगी ली यांनी ते आपल्या ध्वनिमुद्रिकेत लॅटिन ठेक्यावर गायलं होतं. मॅकार्टनी यांनी ऐकलं ते हे रूप. हे एका संगीत नाटकातलं गाणं आहे, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. १ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीच्या चाचणीत बीटल्सनी ते गायलं आणि त्या कंपनीनं त्यांना नाकारलं. हॅम्बर्गच्या क्लबांत ते गायलं. १९६३ च्या जुलैमध्ये ते रीतसर ध्वनिमुद्रित झालं आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला 'विथ द बीटल्स' या ध्वनिमुद्रिकेत बाहेर आलं. ऐकताना लक्ष द्यावं ते वाद्यांकडे. रिंगो स्टार यांनी ड्रम बाजूला ठेवून बोंगो घेतले, जॉर्ज हॅरिसन यांनी नायलॉनच्या तारांची गिटार घेतली आणि मधला तुकडा इतका निगुतीनं वाजवला की तो गाण्याचाच भाग होऊन गेला. रॉक बँडनं रॉक वाजवलाच नाही. गाण्याला काय हवं ते पाहिलं आणि आपली हत्यारं बदलली. विल्सन यांच्या पत्नीनं पुढे सांगितलं की बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांतून मिळालेलं मानधन मूळ नाटकातून मिळालेल्या उत्पन्नाहून जास्त होतं.

आता आपल्याकडे येऊ. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'संगीत स्वयंवर' १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या, रुक्मिणीची भूमिका गायक-नट बालगंधर्वांची. शिशुपालाशी लग्न लावून द्यायला निघालेला भाऊ एकीकडे आणि मनानं वरलेला कृष्ण दुसरीकडे, अशा कात्रीत सापडलेली ही नायिका. तिच्या तोंडी यमनातलं 'नाथ हा माझा' येतं, बिहागातलं 'मम आत्मा गमला' येतं. मराठी रंगभूमीवरच्या प्रेमपदांची उंची ठरवायची तर ही दोन पदं पुरेत. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि अल्लादियाखाँसाहेबांची गायकी अशा तिन्ही ठिकाणी तालीम घेतलेली होती. खयालाची ती सगळी शिदोरी त्यांनी चार-पाच मिनिटांच्या पदात अशी बसवली की राग न कळणाऱ्यालाही रुक्मिणीचा आनंद कळावा.

बालगंधर्वांनी हे गायलं ते ध्वनिक्षेपकाशिवाय, भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि पुढे अहमदजान थिरकवांचा तबला. शब्द तालाच्या किंचित मागे रेंगाळत ठेवायचा आणि समेला मात्र अगदी अलगद, वेळेवर पोचायचं, ही त्यांची खासियत. 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा, पण तसंच नाही. जागा वेगळी, वळण वेगळं. तबकडीवर मात्र तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटोपावं लागे. आज आपल्या हाती उरलेत ते बालगंधर्व या तबकड्यांतले, म्हणजे कितीतरी मोठ्या गाण्याचा लहानसा कोपरा. त्यांची नक्कल करू पाहणारा गायक नेमक्या याच कोपऱ्याची नक्कल करतो. मला नेहमी वाटतं, बालगंधर्वांच्या गाण्यावर सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्या निष्ठावंत नकलाकारांनी केला.

आणि मुळात या चाली तरी कुठून आल्या? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, १८८२ मध्ये 'सौभद्र' आणलं, तेव्हा त्यांनी कीर्तनातून, लावणीतून, कानडी पदांतून चाली उचलल्या. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या वळणांवर पदं बांधली. खयालाच्या किती बंदिशींवर मराठी शब्द चढले त्याला गणती नाही. म्हणजे ज्याला आपण आज 'मूळ चाल' म्हणून जपतो, तीही कधीकाळी कुणाच्या तरी दुसऱ्या गाण्याचा नवा अवतार होती. बनारसच्या बैठकीतली ठुमरी पुण्याच्या रंगमंचावर आली तेव्हा तिनंही वेश, भाषा आणि श्रोते बदललेच होते. त्यामुळे 'नाट्यपदाला हात लावू नका' असं कुणी म्हटलं की मला किर्लोस्कर आणि टेंबे आठवतात. हात लावूनच ही पदं घडली.

बोलपट आले आणि संगीत नाटक मंडळ्यांचे पाय खचले. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये दिसले. नाटकं थांबली, पण पदं थांबली नाहीत. ती मैफलीत शिरली. हिराबाई बडोदेकरांपासून वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, जितेंद्र अभिषेकींपर्यंत कितीतरी गायकांनी खयालानंतर नाट्यपद गाण्याचा रिवाज पक्का केला. नायिकेचं वस्त्र उतरवून ठेवल्यावर पद कुणाचं होतं, हा खरा प्रश्न इथे उभा राहतो. रंगमंचावर बालगंधर्व रुक्मिणी होते. बैठकीत धोतर-कुडत्यातला गायक रुक्मिणी नसतो. मेरियनचं गाणं पॉल मॅकार्टनी गातात तेव्हा ते ग्रंथपालबाई नसतात. भूमिका गळून पडते आणि भावना सांभाळायची जबाबदारी एकट्या सुरावर येते.

ही जबाबदारी कुमार गंधर्वांनी ज्या तऱ्हेनं उचलली, ती समजायला त्यांचं लहानपण आठवावं लागेल. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात असे. त्या अचाट नकलेमुळेच त्याला बालपणी 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेत अकरा वर्षांच्या या मुलानं दिग्गजांना थक्क केलं. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे रीतसर शिक्षण झालं. म्हणजे बालगंधर्व जसेच्या तसे गाऊन दाखवणं हा कुमारजींसाठी डाव्या हातचा मळ होता. ज्याला नक्कल सर्वांत सोपी, त्यानंच ती टाळली, म्हणून या कार्यक्रमाचं मोल मोठं.

मधल्या काळात आयुष्यानंही नक्कल अशक्य करून टाकली होती. १९४८ च्या जानेवारीअखेर ते क्षयाच्या दुखण्यानं हवापालटासाठी देवासला आले. पुढची कित्येक वर्षं अंथरुणात गेली. गाणं बंद. खिडकीतून माळव्याच्या बायकांची लोकगीतं कानावर पडत. स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हा नव्या औषधानं जीव वाचला, पण फुप्फुसाची ताकद पूर्वीची राहिली नाही. लांब पल्ल्याच्या एका दमाच्या ताना आता त्यांच्या हातच्या नव्हत्या. त्यांनी त्यातून आपली गायकी घडवली. छोटे, तेजाळ तुकडे, मधे अचानक शांतता, मग नेमका सूर. बालगंधर्वांची गोल, सलग, वाहती आस आणि कुमारजींची ही तुकड्यातुकड्यानं उजळणारी रीत यांत मुळातच अंतर होतं.

त्यांनी बालगंधर्वांची पदं घेतली तेव्हा चाल मोडली नाही. 'नाथ हा माझा' त्यांच्या गळ्यातही यमनातलंच आणि ओळखीचंच राहतं. बदलतो तो शब्दाचा दाब. ध्वनिक्षेपक समोर असल्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरलेली नाही, तेव्हा शब्द हलकेच उच्चारता येतो, स्वराचं टोक जवळून दिसतं. इथे मला पेगी ली आठवतात. बार्बरा कुक यांचं गाणं नाट्यगृहासाठी होतं, ली यांचं कानाशी. प्रेमगीताचा आवाज विसाव्या शतकात ध्वनिक्षेपकानं बदलला आणि तो बदल न्यूयॉर्कात झाला तसा देवासलाही झाला. लालित्य कुठून येतं, लय कुठे थबकते, शब्द समेवर कसा उतरतो, हे कुमारजींनी शोधलं आणि बालगंधर्वांचा तो विचार आपल्या आवाजात मांडला. कुणाला हे बालगंधर्व पटतात, कुणाला नाही. माझ्या मते बालगंधर्वांचं मोठेपण नकलाकारांच्या गाण्यापेक्षा या गाण्यातून जास्त कळतं, कारण इथे आवाजाची भुरळ बाजूला होते आणि विचार दिसतो. नाटकाशी त्यांचं नातं एवढ्यावर संपलं नाही. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी वाणी जयराम यांच्याबरोबर त्यांनी गायलेलं 'ऋणानुबंधाच्या' आजही घराघरांत ऐकू येतं.

हे सगळं माळव्यात घडलं, याचं आम्हा इंदूरकरांना अप्रूप आहे आणि त्याला कारणंही आहेत. होळकरांच्या या शहरात मराठी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहिली, आजही 'सानंद'सारखी संस्था इथल्या प्रेक्षकांसाठी मराठी नाटकं आणते. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. रामूभैया दाते यांच्यासारखे रसिक या शहरात होते, ज्यांच्या घरी गवयांना आणि लेखकांना हक्काचं माहेर मिळे. कुमारजी आणि पु. ल. देशपांडे दोघेही त्यांच्या स्नेहातले. रामूभैयांचे चिरंजीव अरुण दाते सुरुवातीला देवासला कुमारजींकडेच शिकले आणि पुढे मराठी भावगीताचा एक अतिशय कोवळा आवाज झाले. प्रेमगीत मोठ्यानं नव्हे, जवळून गायचं, ही रीत इंदूर-देवासच्या या वर्तुळात चांगलीच मुरलेली होती.

आणि २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात एक मुलगी जन्मली. तिचे वडील, दीनानाथ मंगेशकर, बलवंत संगीत मंडळीचे नायक-गायक. मुलीचं नाव आधी हेमा होतं. 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झालं. रंगभूमीनं तिला नावच दिलं. या दीनानाथांचीही गोष्ट आपल्या विषयातली आहे. 'मानापमान'मधल्या धैर्यधराची पदं टेंब्यांनी बांधली आणि स्वतः गायली. दीनानाथांनी तीच पदं आपल्या आक्रमक, पंजाबी वळणाच्या गायकीत अशी काही गायली की अनेकांच्या कानात आता दीनानाथांचं रूपच पक्कं बसलं आहे. दीनानाथांच्या आणखी एका लेकीनं, आशा भोसले यांनी, वडिलांची पदं पुढे ध्वनिमुद्रित केली. बाप-लेकीच्या या दोन आवाजांतही पुरुषाचा वीररस बाईच्या गळ्यात येतो आणि पद टिकतं.

आता बँडचा प्रश्न. आज तरुण मुलं गिटार, ड्रम, कीबोर्ड घेऊन नाट्यपदं गातात. काही ऐकवत नाहीत, काही फार चांगली असतात. कुठे बिघडतं आणि कुठे जमतं, हे थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे.

पहिली अडचण कॉर्डची. यमनात सा-ग-प ही एक कॉर्ड तयार होते आणि रे, तीव्र मध्यम, धैवत ही दुसरी. दोन्ही मेजर, दोन्ही ऐकायला छान. पण बास गिटार षड्ज सोडून रिषभावर गेली की कान नकळत रिषभालाच षड्ज मानू लागतो. मग तीव्र मध्यम हा मध्यम राहत नाही, तो या नव्या षड्जाचा शुद्ध गंधार होतो. पंचमाकडे ओढ घेणारा जो स्वर यमनाचा प्राण, तो आरामात बसून राहतो. सूर सगळे बरोबर, तरी राग हरवतो, आणि रागाबरोबर रुक्मिणीची आतुरताही.

यावर उपाय रॉकच्याच पोतडीत आहे. विद्युत गिटारीचा आवाज ओव्हरड्राइव्हनं फाडून मोठा केला की पूर्ण कॉर्ड गढूळ ऐकू येते, म्हणून रॉक गिटारवादक बहुधा दोनच स्वर वाजवतात, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प. म्हणजे तंबोरा! गंधार नसल्यामुळे गायकाला हवा तो राग मांडायची मोकळीक राहते. बास षड्जावर धरून ठेवली, गिटारीनं सा-प भरत ठेवला, तर यमन जिवंत राहतो आणि बँड बँडसारखाही वाजतो. शिवाय तार दाबून ओढली की गिटारीतून मींड निघते. कीबोर्डला ते सहज जमत नाही.

दुसरी अडचण तालाची. पुष्कळशी पदं त्रितालात आहेत. सोळा मात्रा चार-चारांत बसतात म्हणून ड्रमरला ते सोपं वाटतं, आणि तो प्रत्येक खंड सारखाच बडवतो, दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर स्नेअर मारत. त्रितालाचा तिसरा खंड मात्र खालीचा. तिथे डग्गा गप्प होतो आणि त्या पोकळीतून पदाचा मुखडा उचलला जातो. पोकळीच बुजवली तर सम येते तेव्हा कुणाला काही मिळाल्यासारखं वाटत नाही. शहाणा ड्रमर त्या खंडात पायाचा किक ड्रम सोडून देतो, नुसती झांज हलती ठेवतो. एवढ्यानं फरक पडतो. रिंगोंनी बोंगो घेतले त्यामागेही हीच समज होती.

तिसरी गोष्ट शब्दांची. बालगंधर्वांच्या जुन्या, खरखरणाऱ्या तबकडीवरसुद्धा शब्द कळतो. ड्रमच्या माऱ्यात कळत नसेल तर ते प्रेमपद उरत नाही, नुसती चाल उरते.

सिनेमानं हे काम आपल्या पद्धतीनं केलं आहे. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे यांनी गंधर्वगायकीच्या खूप जवळ राहून गायलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये अभिषेकींनी चाली दिलेल्या आणि वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेल्या 'कट्यार काळजात घुसली'वरून २०१५ मध्ये चित्रपट आला तेव्हा शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांना नव्या वाद्यमेळात आणलं, शिवाय नवी गाणीही घातली. नाट्यगृहाची पायरी न चढलेली हजारो मुलं त्यातून या संगीताकडे वळली. मला त्या वाद्यमेळाचा भार काही ठिकाणी जड वाटतो, पण दार उघडलं हे खरं.

देवासच्या टेकडीजवळच्या 'भानुकुल' या कुमारजींच्या घरातून कलापिनी कोमकली आणि भुवनेश कोमकली ही परंपरा पुढे नेत आहेत. इंदूरच्या एखाद्या तरुण बँडला 'स्वयंवर'मधलं पद करावंसं वाटलं, तर माझी सूचना साधी आहे. आधी बालगंधर्वांची तबकडी ऐकावी, शब्द पाठ होईपर्यंत. मग कुमारजींची ध्वनिमुद्रिका ऐकावी आणि त्यांनी काय सोडलं ते कागदावर लिहून काढावं. त्यानंतर एका संध्याकाळी पेगी ली आणि बीटल्स यांची दोन्ही रूपं एकामागून एक लावावीत आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या त्या छोट्या तुकड्याकडे नीट लक्ष द्यावं. ड्रम त्यानंतर मांडावेत. आणि पहिल्या तालमीला साथीला फक्त एक तंबोरा घ्यावा.